काटा खोटं बोलू नये म्हणून

जुनी फियाट चालवणाऱ्याला गाडीत पेट्रोल किती आहे असं विचारलं, तर तो मीटरकडे बघत नाही. परवा वडखळला भरलं, मग अलिबागची एक खेप झाली, काल स्टेशनला जाऊन आलो, म्हणजे असेल अजून, असा तोंडी हिशेब चालतो. काटा निम्म्यावर दिसतोय हे दाखवून दिलं तर ‘तो तिथेच असतो’ एवढंच उत्तर मिळतं. वळणावर काटा उडतो, ब्रेक दाबला की झोपतो आणि रात्री हेडलाइट लावले की टाकीतलं पेट्रोल आपोआप बदलतं. मालकाला याची इतकी सवय झालेली असते की एखाद्या दिवशी काटा खरं बोलला तरी त्याचा विश्वास बसत नाही.

तरीही जुन्या गाडीचा डॅशबोर्ड नव्याने करायचा म्हटलं की बोलणी दिसण्यापासूनच सुरू होतात. लाकडाचा लावायचा की लेदर चढवायचं, क्रोमच्या रिंगा किती, आतला प्रकाश निळा की हिरवा. पेण आणि रोहा या दोन गावांच्या मध्ये एका पद्मिनीचा डॅशबोर्ड घडताना बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की ही चर्चा उलट्या टोकाने होते. दिसणं शेवटी बघावं. आधी काटा बोलता करावा, तोही खरं बोलता.

गाडी आमच्या घरचीच, ऐंशीच्या दशकातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकन क्रायसलरच्या गाड्या जोडल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल ११०० ला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ आली, तीच पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर तोच राहिला. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्याचं दुःख वर्तमानपत्रांतून पुष्कळ झालं. आमच्यासारख्यांचं दुःख जास्त व्यवहारी होतं. टॅक्सीच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची दुकानं त्या आधीपासूनच एकेक करून माल बदलत होती. आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पद्मिनीचं मीटर मागितलं तर दुकानदार आधी तुमच्या वयाकडे बघतो.

पद्मिनीचा मूळ डॅशबोर्ड म्हणजे पत्रा. त्यात स्टीअरिंगपुढे मीटरची एक आटोपशीर पेटी, बाकी हातमोज्यांचा म्हणून दिलेला आणि कधीच हातमोजे न पाहिलेला कप्पा. वेग, पेट्रोल, पाण्याचं तापमान. इंजिन ऑइलला काटा नाही, लाल दिवा. लाल दिव्यावर माझा जुना राग आहे. दाब जवळजवळ संपला की तो लागतो, म्हणजे तो धोक्याची सूचना देत नाही, निधनवार्ता देतो.

कोकणात या पत्र्याचं काय होतं ते सांगायला नको. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, मिठागरं, खारी हवा. गाडी वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल तर बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि मागून पत्रा पापुद्र्यांनी सुटत असतो. गंज नुसता पत्रा खात नाही. मीटर ज्या स्क्रूने पत्र्याला धरलेलं असतं, त्या स्क्रूवरूनच त्याला विजेची अर्थ मिळते. स्क्रूखाली गंजाचा थर आला की करंट परतीची वाट शोधायला लागतो आणि शेजारच्या दिव्यातून, शेजारच्या मीटरमधून जातो. हेडलाइट लावल्यावर पेट्रोल बदलतं ते यामुळे. दहातल्या निदान सात मीटर-तक्रारींत मीटर निर्दोष असतं असं वायरमन मंडळी सांगतात. आकडा त्यांच्या अंदाजाचा, पण त्यांचा रोख बरोबर आहे.

पेणला डॅशबोर्ड करून घ्यायचा विचार कुणाला विचित्र वाटेल. पण हे गाव साच्यावर जगतं. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने घरोघर आहेत. शाडू साच्यात दाबून भरायचा, प्लास्टर रबरी साच्यात ओतायचं, साचा फाटू नये म्हणून बाहेरून दुसरं कवच करायचं, आणि सुटताना सोंड किंवा बोट तुटू नये म्हणून साचा कुठे दुभंगायचा ते आधी ठरवायचं, हे तिथल्या पोराला न शिकवता येतं. फायबरचे साचे करणारा एक दादा ओळखीतून मिळाला. त्याचा काळ गणपती गेल्यापासून दिवाळीपर्यंत जरा सैल असतो, तोच आम्ही धरला.

त्याने मापं घेतली नाहीत. मूळ पत्र्यावर प्लास्टिक पसरलं, त्यावर ओला शाडू थापला आणि ‘काका, बसा’ म्हणाला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, स्टीअरिंग धरलं, आणि तो माझ्या डोळ्यांच्या रेषेत मागे वाकून बघत राहिला. स्टीअरिंगच्या कड्यामधून नजर जिथे मोकळी जाते तिथे त्याने अंगठ्याने दोन खड्डे केले. मोठी दोन मीटरं तिथे. बाकीची छोटी तीन मधल्या बाजूला, जरा ड्रायव्हरकडे तोंड वळवून. संगणकावर हेच काम करणारे लोक आता आहेत आणि उत्तम करतात. पण सीटवर बसलेल्या माणसाची उंची आणि पोक धरून डॅशबोर्ड घडवायचा तर ओल्या मातीसारखं साधन नाही.

माती सुकल्यावर पॉलिश पेपर, मग मेण, मग त्यावर फायबरचा साचा आणि त्या साच्यात खरा डॅशबोर्ड. पॉलिएस्टर रेझिनमध्ये कोबाल्ट आधी मिसळून घ्यायचं, हार्डनर अगदी शेवटी, किलोमागे दहा ते वीस ग्रॅम. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघं थेट एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत, भडका उडतो. दोन्ही बाटल्या दादाच्या कारखान्यात समोरासमोरच्या भिंतींवर ठेवलेल्या दिसल्या तेव्हा मला बरं वाटलं. काचेच्या धाग्याची चटई एकेक थर भिजवत लावायची, ब्रशने हवेचे फुगे मारायचे. हवा दमट असेल तर वरचा थर बोटाला चिकटत राहतो. म्हणूनही ऑक्टोबर बरा.

आमचं भांडण झालं ते रंगावरून. गणपतीला मुकुटावर सोनेरी, पितांबराला चमक, सगळं झळाळतं हवं. डॅशबोर्डला मी मॅट काळा मागितला. वरची कड चकचकीत असली की दुपारच्या उन्हात तिचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं आणि रस्त्याऐवजी आपला डॅशबोर्ड दिसतो. दादाला पटलं, पण चकाकीशिवाय काम हातावेगळं करणं त्याच्या जिवावर आलं. शेवटी खालच्या, उन्हात न येणाऱ्या पट्टीला त्याने विचारल्याशिवाय एक पातळ सोनेरी रेघ ओढली. ती आहे अजून.

फायबरचा डॅशबोर्ड गंजत नाही, ही त्याची मोठीच सोय. पण फायबरमधून वीज वाहत नाही, आणि पत्र्याच्या जागी तो बसवणारे नेमके इथे अडकतात. पत्र्याने फुकट दिलेली अर्थ गेली. आता प्रत्येक मीटरच्या पाठीमागून स्वतंत्र काळी वायर काढायची, सगळ्या एका पितळी पट्टीवर आणायच्या आणि त्या पट्टीवरून एक जाड वायर थेट बॉडीला, रंग खरवडून, आणि दुसरी इंजिनला. एवढं केलं की निम्मे आजार बरे होतात. हे न करता पाच मीटरं लावली तर पाचही नाचतात, आणि मालक मीटरच्या कंपनीला शिव्या देतो.

मीटरं कुठली, हा पुढचा प्रश्न. बाजारात ‘कुठल्याही गाडीला चालेल’ असं लिहिलेले संच मिळतात. त्या वाक्यावर विश्वास ठेवू नये. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगा असतो, तो वरखाली झाला की त्याच्याशी जोडलेला रोध बदलतो आणि मीटर तो रोध वाचतं. पण रोधाची भाषा सगळीकडे एक नाही. युरोपातल्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या पद्धतीत रिकामी टाकी सुमारे १० ओहम आणि भरलेली १८०. अमेरिकन पद्धतीत रिकामी २४० आणि भरलेली ३३. आता युरोपीय तरंग्याला अमेरिकन मीटर जोडा. टाकी कोरडी पडली की काटा अभिमानाने ‘फुल’ दाखवतो. खरेदीला जाताना खिशात मल्टिमीटर हवा तो यासाठी. आधी आपल्या टाकीचा तरंगा मोजायचा, मग त्याला जुळणारं मीटर शोधायचं. आम्हाला दोन मीटरं मुंबईच्या चोरबाजारातून मिळाली, बाकीची नवी घेतली आणि पाचांच्याही आतली चाकं तेवढी ठेवून चेहरे काढून टाकले.

चेहरे का काढले, यासाठी रोह्याला जावं लागेल.

पेणहून वडखळ, गडब, कासू, नागोठणे आणि तिथून भिसे खिंडीने रोहा. मुंबई-गोवा महामार्गाच्या या तुकड्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे, आणि स्पीडोमीटरची केबल तोडण्यात त्याच्या इतका अनुभव दुसऱ्या रस्त्याला नसेल. रोह्याला कुंडलिकेच्या काठी धाटावची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखान्यांची. जिथे रिअॅक्टर असतो तिथे दाब आणि तापमान मोजणारे शेकडो काटे असतात, आणि ते खरं बोलतात ना हे बघणं हाच ज्यांचा धंदा अशी माणसं असतात. आयटीआयमध्ये त्याचा वेगळा ट्रेडच आहे, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. असे एक निवृत्त गृहस्थ, आळीत सगळे त्यांना मामा म्हणतात, घरच्या ओट्यामागच्या खोलीत बाकडं टाकून बसतात. मामांनी डॅशबोर्ड बघितला, हात फिरवला, ‘मूर्ती चांगली झाली’ म्हणाले आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘काटे कशाशी ताडून बघितले?’

कशाशीच नाही, हेच उत्तर होतं. गाडीचं मीटर कुणी ताडून बघत नाही.

मामांनी सुरुवात ऑइलच्या दाबापासून केली. या मीटरच्या पोटात चपटी, चंद्रकोरीसारखी वाकवलेली पितळी नळी असते. आत दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला बांधलेला काटा हलतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दों याने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं. वाफेच्या इंजिनापासून धाटावच्या रिअॅक्टरपर्यंत तीच नळी आजही काम करते. ती तपासायची रीत मला फार आवडली. उभ्या सिलिंडरमध्ये तेल, त्यावर नेमक्या क्षेत्रफळाचं पिस्टन, आणि पिस्टनवर वजनं ठेवायची. एक चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर एक किलो ठेवलं की खाली एक किलोचा दाब. कारखान्यातला माणूस ‘चार किलो प्रेशर’ म्हणतो ते किती अक्षरशः खरं आहे, ते तेव्हा डोळ्यांनी दिसतं. मामा पिस्टन बोटाने हलकेच फिरवत ठेवतात, म्हणजे ते घर्षणाने अडकत नाही. दोन किलोला आमच्या मीटरचा काटा पावणेदोनवर, चारला साडेतीनवर. मामांनी छापील तबकडी काढून कोरी पांढरी चकती बसवली आणि काटा जिथे थांबला तिथे पेन्सिलीचा ठिपका दिला.

तापमानाला पातेलं. इंजिनमध्ये बसणारा, तापमान ओळखणारा सेंडर पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. पाणी तापत गेलं तसा सेंडरचा रोध उतरत गेला. साठ, ऐंशी, नव्वद, उकळी. प्रत्येक ठिकाणी ठिपका. जाता जाता मामांनी एक युक्ती सांगितली. तापमानाचा काटा अचानक टोकाला गेला तर घाबरून बॉनेट उघडण्याआधी सेंडरची वायर काढून बघा. काटा खाली आला नाही तर वायर वाटेत कुठेतरी बॉडीला टेकलीय, इंजिन थंडच आहे. आणि काटा मुळीच वर येत नसेल तर वायर तुटलीय, मग मात्र घाबरा.

पेट्रोलचं काम अंगणात, बॅटरी काढलेल्या गाडीपासून दूर. टाकी सोडवून, सपाट ठेवून, मीटर लांब वायरने जोडून कडेला, आणि मापाने दोन दोन लिटर ओतत जायचं. टाकीचा आकार सरळ डब्यासारखा नसतो, तरंग्याची दांडी कमानीत फिरते. त्यामुळे काटा मध्यावर आला तेव्हा टाकीत निम्म्याहून बरंच जास्त पेट्रोल होतं. खालच्या अंगाला तर ठिपके एकमेकांना चिकटले. कंपनीची तबकडी हे कधी सांगत नाही, कारण ती सरासरी गाडीसाठी छापलेली असते. सरासरी गाडी कुणाच्याच दारात नसते.

वेगाचं तंत्र वेगळं. गिअरबॉक्सकडून केबल येते, तिच्या टोकाला लोहचुंबक फिरतो, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरताना तिला आपल्याबरोबर ओढू बघतो, आणि केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. जर्मनीच्या ओटो शुल्झेचं हे १९०२ चं पेटंट. वर्षानुवर्षांत चुंबक मंदावतो आणि मीटर कमी दाखवायला लागतं. टायर बदललं तरी हिशेब बिघडतो. टायरचा घेर पाच टक्क्यांनी मोठा असेल तर काटा साठ दाखवताना गाडी त्रेसष्टने चाललेली असते. मामा म्हणाले, यासाठी यंत्र नको, मैलाचे दगड पुरेत. काटा साठवर स्थिर ठेवायचा आणि एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंत घड्याळ लावायचं. ३६०० ला सेकंदांनी भागा. आम्हाला चौसष्ट सेकंद लागले, म्हणजे खरा वेग छप्पन्न. साठवर स्थिर ठेवता येईल असा एक अखंड किलोमीटर शोधायलाच जास्त वेळ गेला.

पाचवं मीटर ॲमीटर असावं अशी माझी हौस होती. जुन्या जीपमध्ये असतो तसा, मध्ये शून्य आणि दोन्हीकडे तीस. मामांनी साफ नकार दिला. ॲमीटर लावायचा तर बॅटरी चार्ज करणारा सगळा करंट जाड वायरने डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यायचा, आणि ती वायर कुठे घासली तर फ्यूज मध्ये नसतो. कितीतरी जुन्या गाड्या डॅशबोर्डमागूनच पेटल्या आहेत. त्याऐवजी व्होल्टमीटर, बारीक वायर, छोटा फ्यूज. गाडी बंद असताना साडेबाराच्या जरा वर, चालू असताना चौदाच्या आसपास, एवढं दिसलं की पुरे. ऑइलच्या मीटरची तेलाने भरलेली नळी थेट केबिनमध्ये आणण्यालाही त्यांचा विरोध होता. एकदा ती फुटली की गरम तेल तुमच्या पँटवर. पण मला बूर्दोंची नळीच हवी होती, म्हणून तांब्याची बारीक नळी, रबरी बुशमधून, इंजिनकडे दोन वेटोळी देऊन, असा समेट झाला. वेटोळी इंजिनची थरथर खातात.

ठिपके दिलेल्या पाच पांढऱ्या चकत्या घेऊन मी पेणला परतलो. तिथे मूर्तिकारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो. बाकीचं रंगकाम कुणीही करतं, डोळे तोच करतो. त्या गृहस्थांकडे चकत्या दिल्या. त्यांना आधी काम चुकलेलं वाटलं. ‘हे सारखे नाहीत, काका,’ असं म्हणत त्यांनी खुणांमधली अंतरं दाखवली. सारखे नसणारच, आणि सारखे करायचेही नाहीत, हे पटवायला वेळ लागला. मग त्यांनी श्वास रोखून एकेक रेघ ओढली. पेट्रोलच्या तबकडीवर वरच्या खुणा ऐसपैस आणि खाली दाटी, वेगाच्या तबकडीवर साठचा आकडा नेहमीच्या जागेपासून जरा पुढे. बाजारातला कुणी बघेल तर कच्चं काम म्हणेल. माझ्या मते मापाने शिवलेली वस्तू ती हीच. या तबकड्या दुसऱ्या कुठल्याच पद्मिनीत चालणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन, बॉडी, चेसिस यात येतात, डॅशबोर्डचा चेहरा येत नाही. पण वेग दाखवणारं उपकरण असलंच पाहिजे, केंद्रीय नियम ११७ मध्ये ते आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्यासाठी रोह्याच्या गाडीलाही पेणलाच यावं लागतं, कारण एमएच ०६ चं कार्यालय पेणला. आणि एक गोष्ट हौशी लोक विसरतात. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या पद्मिनी त्या वयाला पोचल्या आहेत. म्हणून जुना पत्रा कापू नये. आम्ही नवा डॅशबोर्ड जुन्याच्याच भोकांत, जुन्याच स्क्रूंच्या जागी बसवला. मूळ पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे. उद्या कुणाला ती परत लावायची असेल तर एका दुपारचं काम.

शेवटी किलोमीटरचा प्रश्न राहिला. चोरबाजारातल्या स्पीडोमीटरवर कुणा अनोळखी गाडीचे आकडे होते. आमच्या जुन्या मीटरचे पाचच आकडे, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य, आणि ते किती वेळा झालं याची घरात कुणालाच खात्री नव्हती. भाऊ म्हणाला, सरळ शून्य लावा, नवी सुरुवात. मामांनी चाकं उघडून समोर ठेवली होती. बारीक चिमट्याने आकडा हवा तिथे फिरवता येतो, गाडी विकणारे हेच करतात. ‘शून्य मी लावणार नाही. जुन्यावर काय आहे ते सांगा, तेच लावतो,’ ते म्हणाले. जुन्यावर ४१,२०७ होतं. त्यांनी तेच लावलं, आणि फायबरच्या पाठीवर मार्करने लिहिलं: मीटर बदललं, ४१,२०७, आधीचे फेरे माहीत नाहीत. खाली तारीख आणि सही. भाऊ अजून म्हणतो, शून्यच बरं दिसलं असतं.